बाहेर कसं पडायचं, ते आधी सांगा

टेलनेट हा जुना प्रोग्राम वापरून दूरच्या एखाद्या संगणकाशी जोडणी केली की पडद्यावर साधारण तीन ओळी उमटतात. पहिली सांगते, प्रयत्न चालू आहे. दुसरी सांगते, अमुक संगणकाशी तुम्ही जोडले गेलात. तिसरी ओळ ‘एस्केप कॅरेक्टर’ कोणतं ते सांगते. कंट्रोलची कळ दाबून धरायची, उजवा चौकोनी कंस दाबायचा, मग ‘क्विट’ लिहायचं, की तुम्ही सुटलात. त्या दूरच्या संगणकात काय आहे ते अजून दिसलेलंही नसतं, पण बाहेरचा दरवाजा दाखवून झालेला असतो.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इंटरनेटवर नव्याने येणाऱ्यांसाठी जी मार्गदर्शकं लिहिली गेली, त्यांत या तिसऱ्या ओळीला मोठा मान होता. अडकलात तर काय दाबायचं, हे ती मार्गदर्शकं आवर्जून सांगत. अलीकडे मी ती पुन्हा वाचायला काढली, आणि त्याला कारण माझी मावशी.

मावशीची पासष्टी उलटली आहे. तिला तिचा नवा फोन समजावून द्यायला बसले होते. एक अ‍ॅप उघडून दाखवलं, वापरून दाखवलं, मग बोटाने वर सरकवून बाजूला केलं. ती म्हणाली, “हे बंद झालं का गं?” मी म्हटलं, हो, झालं. ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “दिसेनासं झालं. बंद झालं का, ते विचारतेय मी.”

मला नीट उत्तर देता आलं नाही. अ‍ॅप दिसेनासं होणं वेगळं, ते मागे चालू राहणं वेगळं, त्यातून लॉग आउट करणं वेगळं, आणि खातं पुसून टाकणं तर त्याहून वेगळं. त्या अ‍ॅपने आत येताना तिला चार रंगीत चित्रं दाखवली होती आणि प्रत्येक चित्राखाली ‘पुढे’ असं बटण होतं. ‘बाहेर’ असं कुठेच नव्हतं. खातं कायमचं कसं काढायचं हे शोधायला मलाच कितीतरी मेनू उघडावे लागले, आणि मी हे यंत्र रोज वापरते.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. नवख्या माणसाला इंटरनेटची पहिली ओळख करून द्यायचं काम आपण, काही विचार न करता, ज्यांना त्या माणसाला आत ठेवण्यातच फायदा आहे त्यांच्या हाती सोपवून बसलो आहोत. ते काम त्यांच्याकडून परत घेतलं पाहिजे. ते कसं करायचं याचा नमुना तीस वर्षांहून जुना आहे आणि आजही वाचायला मिळतो.

ती मार्गदर्शकं कोणी लिहिली ते पाहा. एड क्रॉल हे इलिनॉय विद्यापीठात नेटवर्कचं काम बघणारे गृहस्थ. इंटरनेटची प्रमाणं ज्या आरएफसी नावाच्या दस्तऐवजमालेत प्रसिद्ध होतात, तिच्यात त्यांनी नवख्यांसाठी लिहिलेलं टिपण १९८९ साली १११८ या क्रमांकाने आलं. पुढे १९९२ साली त्यांचं ‘द होल इंटरनेट युझर्स गाइड अँड कॅटलॉग’ हे पुस्तक निघालं. त्याच वर्षी ब्रेंडन किहो या वाइडनर विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने ‘झेन अँड द आर्ट ऑफ द इंटरनेट’ हे मार्गदर्शक लिहून नेटवर मोकळं सोडलं. जीन आर्मर पॉली या ग्रंथपाल. त्यांनी १९९२ साली ग्रंथपालांच्या एका मासिकात ‘सर्फिंग द इंटरनेट’ हा लेख लिहिला आणि ‘सर्फिंग’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसायला त्याने मोठी मदत केली. १९९३ साली इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने अ‍ॅडम गॅफिन या पत्रकाराकडून ‘बिग डमीज गाइड टू द इंटरनेट’ लिहून घेतलं. खर्चाला अ‍ॅपल कंपनीचा हातभार होता, पण मजकूर कुणीही उतरवून घ्यावा असा फुकट ठेवला होता. युझनेट या नेटवरच्या चर्चागटांच्या जाळ्यात तर फक्त नवख्यांसाठी एक स्वतंत्र गट होता आणि तिथे स्वयंसेवक तीच ती प्राथमिक माहिती ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा टाकत, कारण नवखे रोज येत होते.

नेटवर्क सांभाळणारा माणूस, विद्यार्थी, ग्रंथपाल, पत्रकार. यांतल्या कुणाचं पोट नवखा माणूस किती वेळ पडद्यासमोर बसतो यावर अवलंबून नव्हतं. क्रॉल यांचं पुस्तक दुकानात विकलं जात होतं हे खरं, पण ते एकदा विकत घेतलं की प्रकाशकाचा आणि वाचकाचा हिशेब पुरा होत असे. वाचकाने मध्येच नेट सोडून दिलं असतं तरी लेखकाचं काही बिघडत नव्हतं. म्हणूनच ते निवांतपणे बाहेरचा दरवाजा दाखवू शकले.

आता त्यांनी शिकवलं काय, ते जरा जवळून बघू. दुसऱ्याच्या संगणकावरची फाइल आणायची रीत म्हणजे एफटीपी. आज्ञा द्यायची, समोरचा संगणक नाव विचारायचा, तिथे ‘अ‍ॅनॉनिमस’ असं लिहायचं. मग तो पासवर्ड विचारायचा. खरा पासवर्ड कोणताच नसायचा, काहीही लिहिलं तरी बहुधा चालायचं. पण मार्गदर्शक सांगायचं, तिथे आपला ईमेल पत्ता लिहा. का, तर ज्याच्या यंत्रावर तुम्ही आला आहात त्याला कोण येऊन गेलं ते कळू द्या, तेवढी सभ्यता पाळा. मग ‘पब’ नावाच्या फोल्डरमध्ये जायचं, यादी बघायची, ‘रीडमी’ नावाची फाइल असेल तर ती आधी आणून वाचायची. प्रोग्राम किंवा चित्र आणायचं असेल तर त्याआधी ‘बायनरी’ ही आज्ञा न विसरता द्यायची. नाहीतर यंत्र त्या फाइलला साधा मजकूर समजतं, ओळींच्या शेवटी असणारी चिन्हं आपल्या पद्धतीने बदलून टाकतं, आणि घरी आलेली फाइल चालत नाही. शेवटी ‘बाय’ म्हणून निघायचं.

आणि त्याबरोबर एक सूचना हमखास असायची. मोठी फाइल आणायची असेल तर त्या संगणकाच्या गावी कामाची वेळ संपल्यावर आणा. दिवसा तिथली माणसं त्याच यंत्रावर आपलं काम करत असतात. तुमच्याकडे किती वाजलेत ते बघू नका, त्यांच्याकडे किती वाजलेत ते बघा.

या सूचनेपाशी मी बराच वेळ थांबले. नवखा माणूस अजून फाइल आणायलाही शिकलेला नाही, आणि त्याला सांगितलं जातंय की पलीकडे माणसं आहेत, यंत्र त्यांचं आहे, तुम्ही पाहुणे आहात. इंटरनेट म्हणजे काय याची इतकी नेमकी व्याख्या मला दुसरीकडे सापडलेली नाही. आजच्या फोनवर कुणाच्या यंत्रावर आपण आहोत हा प्रश्नच डोक्यात येत नाही. फोटो ‘वर’ जातात, ‘ढगात’ राहतात. तो ढग म्हणजे कुठल्यातरी कंपनीच्या इमारतीतले संगणक आहेत आणि तिथे पाहुण्यांसाठी कंपनीचे नियम आहेत, हे शिकवायला कुणी बसत नाही. त्याऐवजी एक लांबलचक करारपत्र येतं आणि खाली ‘मी सहमत आहे’ असं बटण असतं. पूर्वीच्या मार्गदर्शकाची जागा या करारपत्राने घेतली, आणि दोघांत फरक असा की मार्गदर्शक वाचलं जावं म्हणून लिहिलेलं होतं.

गॅफिन यांच्या मार्गदर्शकातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. प्रकरणाच्या शेवटी ‘काही बिघडलं तर’ अशा अर्थाचा भाग असतो. पाठवलेली मेल परत आली आणि सोबत मेलर-डीमन या नावाने (तो मेल पोचवणारा प्रोग्राम) अगम्य भाषेतलं पत्र आलं, तर घाबरू नका, त्या अगम्य ओळींतच चूक कुठे झाली याचा धागा असतो. पत्ता लिहिताना अक्षर चुकलं असेल किंवा समोरचा संगणक बंद असेल. म्हणजे चुकीचा निरोपसुद्धा वाचायला शिकवलेलं आहे. आजचं यंत्र म्हणतं, ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा.’ काय चुकलं, कुणाचं चुकलं, हे ते सांगत नाही, आणि मावशीच्या वयाची माणसं दर वेळी असंच धरून चालतात की आपलंच चुकलं.

मग हे सगळं गेलं कुठे? १९९५च्या ऑक्टोबरमध्ये आरएफसी १८५५ प्रसिद्ध झालं. इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी संकलित केलेले हे नेटवरच्या शिष्टाचाराचे नियम. त्यात फार शहाण्या गोष्टी आहेत. पोस्टकार्डावर जे लिहिणार नाही ते मेलमध्ये लिहू नका. एखाद्या गटात सामील झालात तर तोंड उघडण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचा. गटाचं सदस्यत्व घेताना जो निरोप येतो तो जपून ठेवा, सदस्यत्व सोडायचं कसं ते त्यातच असतं. (पुन्हा तोच दरवाजा.) पलीकडे माणूस आहे, त्याची संस्कृती, भाषा, विनोद तुमच्यापेक्षा वेगळे असू शकतात हे लक्षात ठेवा. मेल पोचवायचा खर्च पाठवणाऱ्याइतकाच घेणाऱ्यालाही पडतो.

पण याच दस्तऐवजाच्या प्रस्तावनेत एक वाक्य आहे आणि मला वाटतं वळण तिथे आहे. पूर्वीची माणसं नेटबरोबरच वाढली, त्यांना आतली यंत्रणा कळत होती. आताच्या नवख्यांना इथली संस्कृती ठाऊक नाही, आणि वहनाची यंत्रणा व प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी आपसात बोलायचे नियम, त्यांना कळण्याची गरजही नाही, अशा आशयाचं ते आहे. हॅम्ब्रिज यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं. प्रोटोकॉल नाही कळला तर नाही कळला, पण माणसांशी कसं वागायचं ते कळू दे, म्हणून तर त्यांनी पुढचे सगळे नियम दिले. पुढे उद्योगाने त्यातला फक्त पहिला अर्धा उचलला. नवख्याला आतलं कळण्याची गरज नाही, इथून सुरुवात झाली आणि नवख्याला काहीच कळण्याची गरज नाही, इथपर्यंत गाडी आली.

त्याचा परिणाम २०१५ साली ‘क्वार्ट्झ’ या बातम्यांच्या संकेतस्थळाने दाखवून दिला. इंडोनेशिया आणि नायजेरियात केलेल्या पाहणीत फेसबुक वापरणाऱ्या काही लोकांनी सांगितलं की आपण इंटरनेट वापरत नाही. त्यांना हसायचं काहीच कारण नाही. त्यांना जे दाखवलं गेलं तेच त्यांनी सांगितलं. घराच्या एका खोलीत माणसाला आणून बसवलं आणि बाकीच्या घराबद्दल अवाक्षर काढलं नाही, तर तो त्या खोलीलाच घर म्हणणार.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येतं. चांगल्या यंत्राला माहितीपुस्तक लागू नये, गाडी चालवणाऱ्याला इंजिन उघडता आलं पाहिजे असं थोडंच आहे? बरोबर आहे. पण गाडी शिकणाऱ्याला रस्त्याचे नियम मात्र शिकवतातच, आणि ते गाडीच्या कारखानदाराने ठरवलेले नसतात. एकेरी रस्ता कसा ओळखायचा, थांबायचं कुठे, वळताना कुणाला आधी जाऊ द्यायचं, हे सार्वजनिक ज्ञान आहे. नेटवर येणाऱ्याला परवाना लागावा असं मी अजिबात म्हणत नाही, उलट तसं कुणी म्हणालं तर मी विरोध करीन. मी म्हणते की नियमांचं पुस्तक सगळ्यांना मिळालं पाहिजे आणि ते तिऱ्हाइताने लिहिलेलं असलं पाहिजे.

दुसरं उत्तर असं की सायबर सुरक्षेची पत्रकं असतातच की. असतात, मी बरीच वाचली आहेत. ती जवळजवळ सगळी ‘नका’वर संपणाऱ्या वाक्यांची असतात. ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंकवर क्लिक करू नका, माहिती देऊ नका. ओटीपीचं ठीक आहे. पण वेब हे लिंकांचंच बनलेलं आहे; तिथे येणाऱ्याला लिंकला हात लावू नका असं सांगून काय साधणार? खरी कुठली आणि खोटी कुठली हे ओळखायचं कसं, ते सांगा ना.

आणि इथे जुनी मार्गदर्शकं आजही उपयोगी पडतात. त्या सगळ्यांत पत्ते वाचायला शिकवणारा भाग असायचा. नावांची ही व्यवस्था, म्हणजे डीएनएस, पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली, आणि तिची वाचायची दिशा उलटी आहे. सगळ्यात मोठा गट सगळ्यात उजवीकडे, कॉम, ऑर्ग, एज्यु किंवा देशाची दोन अक्षरं. त्याच्या डावीकडे मालकाचं नाव. त्याच्याही डावीकडे जे काही असेल ते त्या मालकाने आपल्या मर्जीने ठेवलेलं.

मावशीला मी हेच शिकवलं. तिला एक एसएमएस आला होता, त्यातल्या पत्त्यात तिच्या बँकेचं नाव सुरुवातीलाच होतं. मी म्हटलं, सुरुवात बघू नकोस. ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोड, त्यापुढची पहिली तिरपी रेघ शोध आणि तिथून मागे मागे ये. शेवटचे दोन तुकडे बघ, काही देशांच्या पत्त्यांत तीन. मालक तिथे सापडतो. तिने बोट ठेवून मागे वाचलं. बँकेचं नाव होतं ते अगदी डावीकडे, कुणीही चिकटवावं तिथे. मालकाच्या जागी भलतंच काहीतरी नाव होतं. “म्हणजे पाटी यांची आणि घर त्याचं,” ती म्हणाली. दहा मिनिटं लागली असतील. त्यानंतर आलेले दोन खोटे निरोप तिने स्वतः ओळखले. आता फोनवरची कितीतरी अ‍ॅप्स पत्ता पूर्ण दाखवतच नाहीत, आखडून किंवा लपवून टाकतात, ही तक्रारही तिनेच केली, आणि ती रास्त आहे.

जुन्या मार्गदर्शकांची आरती ओवाळायची माझी इच्छा नाही. त्यांचे पत्ते लगेच शिळे झाले. गोफर, आर्ची, वेस या नेटवर माहिती शोधायच्या तेव्हाच्या साधनांवर त्यांनी पानंच्या पानं खर्च केली आणि वेबला जेमतेम जागा दिली, ज्या वेबने पुढे त्या सगळ्यांना गिळलं. याहून मोठा दोष म्हणजे ती ज्याच्यासाठी लिहिली होती तो नवखा फार ठरावीक होता. त्याला इंग्रजी येतं, त्याच्याकडे विद्यापीठाचं किंवा कचेरीचं खातं आहे, युनिक्स या संगणकप्रणालीच्या टाइप करायच्या आज्ञांना तो दबत नाही, हे सगळं गृहीत होतं. मावशीसारखी बाई त्या पुस्तकांच्या डोळ्यांसमोर नव्हती. आणि जुने रहिवासी सगळेच काही प्रेमळ नव्हते. दर सप्टेंबरात विद्यापीठांतली नवी मुलं युझनेटवर आली की कुरकुर व्हायची. १९९४ साली अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने आपल्या ग्राहकांना युझनेट खुलं केलं, त्या सुमारास तर आता सप्टेंबर कधी संपणारच नाही असं म्हणायला सुरुवात झाली. आलेल्या गर्दीला शिकवायचं सोडून तिला नावं ठेवणारे पुष्कळ होते. त्यांनी पाठ फिरवली आणि शिकवायची जागा रिकामी राहिली. कंपन्या त्या रिकाम्या जागेत येऊन बसल्या, हे मला नाकारता येत नाही.

पण नवखे संपलेले नाहीत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या २०२४च्या अंदाजानुसार जगातली सुमारे २६० कोटी माणसं इंटरनेटच्या बाहेर होती. त्यांतली बहुतेक पुढेमागे येतील, आणि त्यांची सुरुवात फोनवरच्या एखाद्या अ‍ॅपपासून होईल. ज्यांनी शाळेत संगणक पाहिला त्यांचीही स्थिती फार वेगळी नाही. बटणं त्यांना पाठ असतात, पत्ता वाचता येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशातून, ग्रंथालयांनी आणि शाळांनी मिळून, आपापल्या भाषेत नवख्यांसाठी मार्गदर्शक लिहावं. फार जाड नको. कोणत्याही एका अ‍ॅपचं नाव त्यात नसलं तरी चालेल, उलट नसलेलंच बरं, म्हणजे ते लवकर शिळं होणार नाही. आपण कुणाच्या यंत्रावर आहोत, आपला निरोप कुणाकुणाच्या हातून जातो, पत्ता कसा वाचायचा, बिघडलं तर काय, आणि प्रत्येक ठिकाणाहून बाहेर कसं पडायचं. दर दोन वर्षांनी ते नव्याने तपासावं. किहो यांच्यासारखं ते मोकळं असावं, कुणीही छापावं, कुणीही भर घालावी. आणि अ‍ॅप काढणाऱ्यांना कायद्याने एवढं बंधन घालावं की खातं उघडायच्या पहिल्याच पडद्यावर ते बंद कसं करायचं ते लिहिलेलं असेल. टेलनेटला ते एका ओळीत जमलं होतं.

त्या सगळ्या मार्गदर्शकांत आणखी एक वाक्य कुठे ना कुठे यायचंच : अडलं तर तुमच्या इथल्या सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला विचारा. म्हणजे नवख्याच्या ओळखीचा, चालत जाऊन गाठता येईल असा एक माणूस होता आणि शंका निस्तरणं हे त्याचं कामच होतं. आज मदत म्हणजे पुन्हा एक मेनू. पुस्तक लिहिता येईल, पण हा माणूस परत कुठून आणायचा, ते मला अवघड वाटतं. ग्रंथालयातल्या टेबलामागे आठवड्यातून दोन दिवस जरी कुणी बसलं तरी ती सुरुवात ठरेल.

मावशीसाठी मी शेवटी स्वतःच एक कागद लिहून काढला. पाठपोट एक पान. सगळ्यात वर बाहेर कसं पडायचं ते, मग पत्ता, मग बिघडलं तर काय. तिने वाचला आणि म्हणाली, “खाली तुझा फोन नंबर घाल. कागदाला काही विचारता येत नाही.” मी घातला. गेल्या महिन्यात तिच्या एका मैत्रिणीकडे त्या कागदाची प्रत बघितली. मजकूर मावशीने आपल्या अक्षरात उतरवून दिला होता. खाली माझ्या नंबराच्या जागी तिने स्वतःचा लिहिला होता.